नेत्रहालचालींचे मापन आणि मराठी वाचनाचे संशोधन

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकतो, हा समज चुकीचा आहे. तो लहान झेपा घेतो, क्षणभर थांबतो आणि अधूनमधून मागेही वळतो. पॅरिस येथील नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास ही बाब नोंदली गेली. पुढे एडमंड ह्यूई यांनी वाचकाच्या डोळ्यावर टोपीसारखे आवरण बसवून त्याला ॲल्युमिनियमचा दर्शक जोडला. आजचे आय ट्रॅकिंग यंत्र डोळ्याला स्पर्शही करीत नाही. पारपटलावरील अवरक्त प्रकाशाचे प्रतिबिंब आणि बाहुलीचा मध्य यांच्या परस्परस्थितीवरून ते दृष्टीचा बिंदू ठरविते.

इंग्रजी वाचनातील विराम सरासरी २०० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. हा आकडा मराठीस जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. हिंदीत नामानंतरचा परसर्ग सुटा लिहितात; मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि पुष्कळदा नामाचे रूपही पालटते. ‘सांगली’चे ‘सांगलीत’ होताना मूळ शब्द अबाधित राहतो. ‘सातारा’चे मात्र ‘साताऱ्यात’ होते. अशा सामान्यरूपापाशी डोळा अधिक रेंगाळतो काय, हा खास मराठीचा संशोधनविषय होय. अर्थात या दोन नावांवरून उत्तर मिळणार नाही. एकात जोडाक्षर आहे, दुसऱ्यात नाही. शिवाय सांगलीच्या विद्यार्थ्यास ‘सांगली’ अधिक परिचित असणारच. त्यापेक्षा ‘माशाला’ व ‘माशीला’ ही जोडी निर्दोष ठरावी. लांबी सारखीच, परंतु पहिल्यात ‘मासा’ बदलला आहे, दुसऱ्यात ‘माशी’ तशीच आहे. दोन्ही शब्दांची वापरातील वारंवारता तेवढी तपासावी लागेल.

भारतीय भाषांत असे काम झालेले आहे. समर हुसैन, श्रवण वसिष्ठ व नारायणन श्रीनिवासन यांनी २०१५ मध्ये हिंदी वाक्यवाचनाचा नेत्रनोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या आय. आय. टी. मधील अभिजित मिश्रा व पुष्पक भट्टाचार्य यांनी मायकेल कार्ल यांच्यासह २०१३ मध्ये वाक्याच्या भाषांतराची काठिण्यपातळी नेत्रनोंदींच्या आधारे ठरविण्याची पद्धती मांडली.

यंत्र डोळा कोठे थांबला एवढेच सांगते, का थांबला हे सांगत नाही. दीर्घ विराम अडचणीचा असेल, तसाच कुतूहलाचाही असेल. म्हणून वाचनानंतरचे आकलनप्रश्न टाळता येत नाहीत. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी क्रमिक पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करताना तर ही दक्षता अधिकच हवी.

संगणकाच्या साध्या वेबकॅमवर चालणाऱ्या आज्ञावलीही आता उपलब्ध आहेत. विद्यार्थी आकृती पाहतो की तिला वगळून परिच्छेदाकडे वळतो, हे त्यांवरून ढोबळमानाने कळू शकते. ‘माशाला’ आणि ‘माशीला’ यांतील सूक्ष्म फरक टिपण्याइतकी अचूकता मात्र त्यांत नाही.