बसाल ती जागा, तेच काम

आमच्या गावातल्या अग्निशमन केंद्रात रात्री कोणी नसतं. दिवसाही नसतं. जर्मनीतल्या बायर्न राज्यातल्या या दलात मी नाव घातलं, तेव्हा पुण्याच्या मावशीने पहिला प्रश्न विचारला, "पगार किती गं?" शून्य. आपल्याकडे अग्निशमन म्हणजे महापालिकेचं खातं, त्यामुळे तिचंही बरोबरच. जर्मनीत पगारी दल शंभरेक शहरांत आहे. बाकी सगळी भिस्त सुमारे दहा लाख स्वयंसेवकांवर.

११२ लावलं की फोन आमच्याकडे येत नाही, नियंत्रण कक्षात जातो. काय पेटलंय यावरून कुठल्या गावची कुठली गाडी निघणार, हे आधीच आखलेलं असतं. उंच शिडी दर गावाला परवडत नाही. आमच्याकडे ती शेजारून येते. मग पेजर वाजतात आणि सुतार, शिक्षिका, बँकेतला कारकून हातातलं टाकून केंद्राकडे पळतात. तेवढ्या वेळेचा पगार कापता येत नाही. खासगी मालकाला तो गावाची पालिका भरून देते. बायर्नमध्ये फोन आल्यापासून दहा मिनिटांत मदत पोचावी असा दंडक आहे. म्हणून तर एवढ्याएवढ्या गावांत केंद्रं!

कोण आधी पोचेल याचा नेम नाही, म्हणून गाडीतली जागाच काम ठरवते. जागा नऊ. चालक पंपही सांभाळतो, त्याच्या शेजारी प्रमुख, एक निरोप्या आणि तीन जोड्या. पहिली जोडी पाठीवर हवेचे सिलिंडर चढवून आत शिरते. दुसरी पाण्याची सोय करते आणि मग तसेच सिलिंडर लावून दाराशी थांबते, आत गेलेल्यांना काही झालं तर त्यांना काढायला. तिसरी होज पाइप पसरते. मी बहुतेक तिसरीत. वेगळा अभ्यासक्रम आणि डॉक्टरी तपासणी झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. सहाच जण जमले तरी गाडी निघते, फक्त निरोप्या आणि तिसरी जोडी गळते.

गाडीच्या नावातले आकडेही उगाच नाहीत. 'एलएफ २०'चा पंप १० बार दाबाने मिनिटाला २००० लिटर पाणी देतो. '२३/१२' शिडी इमारतीपासून १२ मीटर लांब उभी राहून २३ मीटर उंची गाठते. वायरलेसवर मात्र सगळ्याच गाड्या 'फ्लोरियान', आगीपासून राखणाऱ्या संताच्या नावाने.

आमचा कमांडंट आम्हीच गुप्त मतदानाने सहा वर्षांसाठी निवडतो. आपल्याकडच्या सरपंचापेक्षा एक वर्ष जास्तच. प्रचार होत नाही, पण सरावानंतर बिअरच्या टेबलावर बरंच ठरतं.