टेनिसचा स्मॅश: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरातल्या इतवारीच्या गल्ल्यांत टेनिस कोर्ट मावायचे नाही. इथल्या पोरांच्या हाती आधी येते ती बॅडमिंटनची रॅकेट. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवणारी मालविका बनसोडही नागपूरचीच. पुढे टेनिसकडे वळणारी पोरे डोक्यावरच्या फटक्याबद्दलचे काही समज सोबत आणतात.

गैरसमज १: बॅडमिंटनचा स्मॅश जमला, म्हणजे टेनिसचाही जमणार.
वस्तुस्थिती: हात डोक्यामागून फेकायची सवय कामी येते. पण शटल जेमतेम ५ ग्रॅमचे, टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, रॅकेटही कितीतरी जड. नुसते मनगट झटकून भागत नाही. जोर पायातून कंबरेत, कंबरेतून खांद्यात चढावा लागतो. पकड सर्व्हिसचीच, म्हणजे कॉन्टिनेंटल.

गैरसमज २: चेंडू जितका खाली आपटाल, तितका स्मॅश भारी.
वस्तुस्थिती: हिशेब करून पाहा. सर्व्हिस लाइन जाळीपासून ६.४० मीटरवर, जाळी मध्यभागी ०.९१ मीटर उंच. सर्व्हिस लाइनवरून अडीच मीटर उंचीवर मारलेला चेंडू जाळीला चाटून सरळ रेषेत गेला, तर पलीकडे पावणेचार मीटरच्या आतच पडतो. पलीकडचे कोर्ट मात्र ११.८९ मीटर लांब. एवढी जागा मोकळी असताना बरेच स्मॅश जाळीत जातात ते या आपटण्याच्या हौसेपायी. चेंडू खोल मारा.

गैरसमज ३: लॉब (डोक्यावरून उंच टोलवलेला चेंडू) मागे गेला, की चेंडूकडे बघत उलट्या पावलांनी पळावे.
वस्तुस्थिती: त्यात तोल जातो आणि माणूस पाठीवर आदळतो. लॉब उठताच उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय मागे घेऊन अंग आडवे वळवावे आणि पावले बाजूने टाकत मागे जावे. डावा हात चेंडूकडे उंचावलेला असला, की खांदा लवकर उघडत नाही.

गैरसमज ४: स्मॅश हवेतच मारला पाहिजे.
वस्तुस्थिती: शटल जमिनीला टेकले, की रॅली संपली, टेनिसमध्ये एक टप्पा चालतो. फार उंचावरून सरळ खाली येणारा चेंडू वेगात असतो, वेळ साधत नाही. शिवाय नागपूरचे ऊन डोळ्यांत. अशा लॉबचा टप्पा पडू द्यावा आणि मग मारावा.

सरावाची सुरुवात रॅकेटशिवाय करा. जोडीदाराला लॉब द्यायला सांगा आणि चेंडू डाव्या हाताने डोक्याच्या जरा पुढे झेला. दहापैकी आठ झेल जमेपर्यंत रॅकेट पिशवीतच राहू द्या.