फवारणीचा मेंदूवरचा परिणाम कसा मोजतात?

माणसाचे वागणे, त्याची स्मृती, त्याची मनःस्थिती यांची मुळे शरीरात शोधणारी शाखा म्हणजे जैविक मानसशास्त्र. तिची मोठी अडचण अशी, की जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहता येत नाही. त्यामुळे माणसाला इजा न करता उत्तर कुठवर मिळेल, यावरच अभ्यासाची पद्धत ठरते. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय पुस्तकापुरता राहिलेला नाही. २०१७ च्या खरिपात इथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात वर्षानुवर्षे फवारा पाठीवर घेणाऱ्यांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हे शोधायचे तर कोणत्याही एका पद्धतीने भागणार नाही.

सुरुवात रक्तापासून होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट गटातली. ॲसिटिलकोलीन हे रसायन एका चेतापेशीचा संदेश दुसऱ्या पेशीला किंवा स्नायूला पोचवते आणि काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर ते मोडून टाकते. कीटकनाशक या विकरालाच निकामी करते. मग संदेश थांबत नाही: घाम आणि लाळ वाहते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते, भ्रम होतो, श्वास अडतो. मेंदूतले विकर मोजता येत नसले तरी तेच विकर तांबड्या रक्तपेशींवरही असते. एलमन यांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीत रक्ताच्या नमुन्यात रसायने मिसळली की पिवळा रंग येतो. विकर जोमात असेल तर रंग भराभर गडद होतो, दबलेले असेल तर फिकाच राहतो.

मात्र या विकराची पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. फवारणीनंतर एकदाच घेतलेल्या रक्तावरून ती किती घसरली हे कळत नाही. त्याच माणसाची हंगामाआधीची नोंद हाताशी लागते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि नव्या पेशींबरोबरच नवे विकर येते, त्यामुळे घसरलेली पातळी सावरायला महिने लागतात. शिवाय कपाशीवर फवारले जाणारे डायफेन्थियुरॉन वेगळ्याच मार्गाने काम करते; त्याची बाधा या तपासणीत दिसत नाही.

रक्त सांगते ते शरीरात काय घडले एवढेच. विचारशक्तीवर काय परिणाम झाला, हे पाहायला वर्तनाच्या चाचण्या लागतात. दिवा लागताच बटण दाबायला किती वेळ लागला, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने किती सांगता आले, अंकांपुढे ठरलेली चिन्हे किती भराभर लिहिली, हे मोजले जाते. इथे शिक्षणाचा मोठा घोळ असतो. चौथीत शाळा सुटलेल्या मजुराची गाठ पदवीधराशी घातली, तर शाळेचा फरक विषाच्या नावावर जमा होतो. म्हणून तुलना त्याच गावातल्या, तेवढेच शिकलेल्या, पण फवारणी न करणाऱ्यांशी करावी लागते. उदासीनतेबद्दल विचारताना तर जास्तच जपायला हवे. नापिकी आणि कर्जाचा भार दोन्ही गटांवर सारखा असल्याशिवाय औषधाला दोष देता येत नाही.

मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारा आलेख हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसावर प्रथम काढला. सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदलही त्यात दिसतो, पण तो मेंदूत नेमका कुठे झाला हे नीट कळत नाही. एमआरआय जागा दाखवते. मात्र ते अवजड यंत्र गावात नेता येत नाही.

विषामुळेच नुकसान झाले, हे ठामपणे सिद्ध करण्याचा सरळ मार्ग म्हणजे मोजून मात्रा देणे. माणसाला विष देणे अनैतिक आहे, म्हणून असे प्रयोग उंदरांवर, तेही नियमांच्या चौकटीत होतात. माणसांच्या बाबतीत उरतो तो दीर्घ पाठपुरावा. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांचा असा अभ्यास १९९९ साली सुरू झाला. गर्भारपणी आईच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश जितके जास्त, तितका मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सरासरीने कमी आढळला. एवढा चिवट पाठपुरावा महाराष्ट्रातही होऊ शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला आणि गर्भारपणातल्या ब-१२ जीवनसत्त्वाचा मुलांच्या स्मृती व अवधानाशी असलेला संबंध तपासला.

कापूसपट्ट्यातल्या अभ्यासाची पहिली पायरी फार खर्चाचीही नाही. पहिल्या फवारणीआधी, जूनमध्येच, प्रत्येक फवारणी करणाऱ्याचे रक्त तपासून नोंद ठेवावी आणि हंगाम संपल्यावर ते पुन्हा तपासावे. आरोग्य खात्याने हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत हाती घ्यायला हवे.