क्विंटलला पडलेलं भोक

"भाऊ, क्विंटलला हे भोक कसलं पडलं?"

नानांनी प्रूफावर बोट ठेवलं होतं. निफाड तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेचे ते सेक्रेटरी. गेली चौदा वर्षं संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडेच होतो. अहवालात मका, कांदा, खत, बियाणं, म्हणजे ओळीओळीला क्विंटल. मी चष्मा वर करून पाहिलं. 'क्िवंटल' असं काहीतरी उमटलं होतं. पहिली वेलांटी मधेच लोंबत होती आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं एक वर्तुळ. बत्तीस पानांत अशी भोकं किती, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि ऑगस्ट अर्धा सरला होता.

हे भोक कुठून आलं त्याची गोष्ट विंडोजपासून सुरू होते.

नाशिकला रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुक, हँडबिल, स्मरणिका, दिवाळीच्या सुमारास एखादा अंक. कंपोझची मुख्य मशीन २०१२ सालची. तिच्यावर आधी विंडोज ७ होतं, ते पुढे फुकटात विंडोज १० झालं. जुलै २०१६ पर्यंत ती सवलत होती. झालं ते ३२ बिटचंच. त्या वेळी मला बिटशी काही देणंघेणं नव्हतं. पानं लावायचं पेजमेकर चालत होतं, मराठी फाँटचं पॅकेज चालत होतं, स्कॅनर चालत होता. नंतर पडद्यावर सूचना येऊ लागली की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. रोज सकाळी देवाला उदबत्ती ओवाळून मशीन सुरू केली की आधी हीच सूचना. शेवटी जुलैमध्ये मी मनावर घेतलं.

विंडोज ११ जुन्या मशीनवर बसतच नाही. त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि ते ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही. म्हणजे सिस्टिम फुकट, पण ती ठेवायला घर नवं बांधा. नवी मशीन घेतली, एक्केचाळीस हजारांना. एक वर्ष सुरक्षेचे अपडेट पुढे चालू ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठीही काढली होती, हे मला मशीनचं बिल फाडल्यावर कळलं. असो.

पहिला दिवस झकास गेला. मशीन डोळ्यांची पापणी लवायच्या आत सुरू होई. दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावला. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा. साधे प्रोग्रॅम ३२ बिटचे असले तरी ६४ बिटच्या विंडोजवर चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. स्कॅनर बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलचा ६४ बिटचा ड्रायव्हर काढलाच नव्हता. चांगला धडधाकट स्कॅनर, काचेवर एक ओरखडा नाही, आणि भंगारात. नवा साडेपाच हजारांना आला.

तिसऱ्या दिवशी खरी मेख कळली. मराठीच्या जुन्या पॅकेजला डोंगल असतो. अंगठ्याएवढा एक तुकडा, तो मशीनच्या मागे खोचला की पॅकेज चालतं, नाहीतर नाही. चोरीच्या कॉप्या होऊ नयेत म्हणून केलेली सोय. माझा डोंगल पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टचा. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. एमजी रोडवरून यूएसबीचा कन्व्हर्टर आणला. त्यावर प्रिंटर चालतो, डोंगल चालत नाही. त्यात पॅकेजचा इन्स्टॉलर १६ बिटच्या काळातला, त्याला ६४ बिटची विंडोज दारातही उभी करत नाही. विकणाऱ्यांना फोन केला, तर ती आवृत्ती बंद झाल्याचं कळलं. नवी घ्या, नव्या दराने.

गंमत अशी की फाँट बसले. फाँटची फाइल कॉपी केली की ती कुठेही बसते. पेजमेकरही थोडी खटपट करून उघडलं. २००१ साली आलेली त्याची सातवी आवृत्ती शेवटचीच ठरली, २००४ नंतर त्यावर कामच थांबलं, तरी नाशिकच्या गल्ल्यांत ते अजून दोन वेळची भाकरी कमावतं. नानांचा गेल्या वर्षीचा अहवाल पडद्यावर जसाच्या तसा दिसला. पण त्यात एक अक्षर बदलायला गेलो तर बदलेना, कारण टाइप करून देणारं पॅकेज बाहेरच उभं होतं. घर दिसतंय, कुलूप दिसतंय, किल्ली तेवढी चालत नाही.

मग ठरवलं की एकदाचं युनिकोडवर, म्हणजे ज्यात मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो त्या पद्धतीवर जायचं. आणि इथून ते भोक.

जुन्या फाँटात 'क्विंटल' हा शब्द शब्द म्हणून नसतोच. त्या फाँटात सगळी मिळून दोनशे छप्पन्न घरं. मराठीतल्या जोडाक्षरांना ती पुरणार कशी? म्हणून अक्षरांचे तुकडे करून ठेवलेले. ग म्हणजे अर्धा ग अधिक काना. रफार वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. प्रत्येक तुकडा एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा खुणेच्या घरात बसवलेला. फाँट काढून घेतला की खाली डॉलर, टक्के, कंस आणि एबीसीडीचा खच उरतो. आणि तुकड्यांचा क्रम डोळ्याला दिसतो तसा: आधी वेलांटी, मग अर्धा क, मग व. युनिकोडचा क्रम उच्चाराचा: क, हलन्त, व, आणि मग वेलांटी. म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरला वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षर ओलांडायचं असतं. बरे कन्व्हर्टर ते करतात. मी फुकटातला वापरला. त्याने वेलांटी उचलली आणि अर्ध्या क पाशीच खाली ठेवली. 'निधी' नीट आला, कारण त्यात ओलांडायला जोडाक्षर नाही. 'स्थिती' आणि 'क्विंटल' पडले.

ही भोकं निदान दिसतात तरी. न दिसणारी चूक 'शेतकऱ्यां'मध्ये निघाली. मराठीचा हा ऱ्य म्हणजे य च्या आधी काढलेली आडवी, पापणीसारखी रेघ. कन्व्हर्टरने तिचा सरळ रफार केला. 'शेतकर्यांना कर्जवाटप' हे घाईत वाचलं तर डोळा सहज पुढे सरकतो. नाना मात्र अडकले. "शेतकऱ्याच्या डोक्यावर आधीच काय कमी ओझं हाये?" म्हणाले.

तिसरी चूक तर कन्व्हर्टरला कळणंच शक्य नाही. मजकुरात मधेच जीएसटी, पॅन, खतांच्या पोत्यावरचे एनपीके असे शब्द इंग्रजी फाँटात टाइप केलेले होते. साधा मजकूर म्हणून सगळं उचललं की कुठला तुकडा कुठल्या फाँटचा होता ही खूण पुसली जाते. त्याने इंग्रजी अक्षरांनाही मराठीचे तुकडे समजून त्यांची खिचडी केली. जीएसटीच्या जागी जे आलं ते शाळेत लिहिलं असतं तर छडी मिळाली असती.

उपाय जुनाच होता. सौभाग्यवती गेल्या वर्षीचा छापील अहवाल घेऊन बसल्या, ओळीखाली फुटपट्टी, आणि मोठ्याने वाचन: "मागील पानावरून, चार लाख, स्वल्पविराम, शेतकऱ्यांना, ऱ्या पापणीचा." मी पडद्यावर. दर पानाला वीस-पंचवीस मिनिटं. रकान्यातले आकडे वेगळे ताडायचे, कारण एक शून्य पडलं तर सभेत नानांची धोतरं फेडतील. दिवसा गिऱ्हाईक, म्हणून हे काम रात्री. बत्तीस पानांना सहा रात्री लागल्या. त्यानंतर सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा लावायचं. हे नवं सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, महिन्याच्या भाड्याने मिळतं. पेजमेकरला मी आयुष्यात एकदाच पैसे दिले होते.

आणि बोटं? माझी बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झाली आहेत. युनिकोडबरोबर विंडोजमध्ये येतो तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड. तो वाईट नाही, उलट शहाणा आहे: डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. पण पंचवीस वर्षांची सवय उलटी करायची म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने वरण-भात कालवायला सांगण्यासारखं आहे. टाइपरायटरच्या पद्धतीने युनिकोड टाइप करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. मी एक घेतला. तो वेलांटी आधी दाबू देतो आणि आपणच ती मागे नेतो, एवढं ऐकूनच मला भरून आलं.

नाशिककर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीवर मोजतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं असं. माझ्या खर्चाचं तसंच झालं. मशीनपाशी घोट्याला होतं. स्कॅनर, कीबोर्डचा प्रोग्रॅम, भाड्याचं सॉफ्टवेअर, फुकट गेलेला यूएसबीचा कन्व्हर्टर धरून गुडघा. सहा रात्रींचा हिशोब धरला तर कमरेच्या वर जाईल. तो मी कोणाकडून घेणार? नानांना दर गेल्या वर्षीचाच लावला.

आपण एकटेच वेडे नाही एवढं समाधान होतं. सातपूरला वर्कशॉप चालवणारा एक मित्र आहे, त्याच्या जुन्या मशीनचा कंट्रोल अजून विंडोज एक्सपीवर चालतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा हात ८ एप्रिल २०१४ ला सोडला. मित्राने मशीनची नेटची वायर काढून टाकली आणि वर हळदकुंकू वाहिलं. देशातल्या बँकांचंही काही वेगळं नव्हतं. एटीएममधून एक्सपीसारख्या जुन्या सिस्टिम काढा म्हणून रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये परिपत्रक काढावं लागलं आणि जून २०१९ पर्यंत मुदत द्यावी लागली.

मला राग विंडोजचा नाही. नवं येणार, जुनं जाणार. राग माझाच आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती थेट टाइप करता येते. तरी पुढची वीस-पंचवीस वर्षं आम्ही डीटीपीवाले मराठी तुकड्यांत साठवत राहिलो, कारण पत्रिका छापून निघत होती आणि कागदावर कोणाला तुकडे दिसत नव्हते. माझ्या हार्ड डिस्कवर शाळांच्या स्मरणिका आहेत, दोन ग्रामपंचायतींचे गावाचे इतिहास आहेत, एका वारलेल्या मास्तरांच्या कविता आहेत. त्यातला एक शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण मशीनच्या लेखी ते मराठी नाहीच.

अहवाल वेळेत गेला. शेवटच्या प्रूफावर नानांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'क्विंटल तपासले.'

जुनी मशीन मी विकलेली नाही. टेबलाखाली आहे, नेटची वायर काढलेली, मागे डोंगल खोचलेला, वर चिठ्ठी: 'हात लावू नये'. रात्री दुकान मिटायच्या आधी तिच्यावरची एक फाइल उघडतो आणि नवीवर आणतो. आतापर्यंत एकोणीस झाल्या. तुम्ही कधीकाळी संस्थेची स्मरणिका, घराण्याची वंशावळ, वडिलांचं आत्मचरित्र असं काही डीटीपीवाल्याकडून करून घेतलं असेल, तर त्याच्याकडे जा आणि युनिकोडमधली फाइल मागून घ्या. पैसे घेईल, घेऊ द्या. फक्त दिवाळीच्या आधी जा, नंतर पत्रिकांचा सीझन सुरू होतो.