पिवळ्या पट्ट्याची राखण

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेल या पायवाटेवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला पांढरा पट्टा ठाऊक असतो. दोन इंच रुंद, सहा इंच उंच, झाडाच्या खोडावर किंवा खडकावर रंगवलेला. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून सुमारे २,१९० मैल हा पट्टा वाट दाखवतो. त्याचे फोटो निघतात, तो टी-शर्टांवर छापला जातो. त्याच जंगलात, वाटेपासून बरंच आत, आणखी एक पट्टा असतो. तो पिवळा. तो कुणाला वाट दाखवत नाही. सार्वजनिक जमीन इथे संपली आणि पलीकडे खाजगी सुरू झाली, एवढंच तो सांगतो. या पायवाटेची खरी कहाणी मला या दुसऱ्या पट्ट्यात दिसते.

नकाशावर पाहिलं तर ही सार्वजनिक जमीन काही ठिकाणी अगदी चिंचोळी आहे, साधारण १,००० फूट रुंद. एवढ्या अरुंद आणि लांबलचक पट्टीला आतला भाग थोडा आणि सीमा मात्र भरपूर. त्या सीमेवर शेजारी शेकडो. बांध कोरणारा शेजारी ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दरवर्षी एक तास नांगर पुढे सरकतो, कागदावरचं क्षेत्र तेवढंच राहतं आणि शेत मात्र कमी होत जातं. अमेरिकेत नांगराऐवजी अंगणातली हिरवळ पुढे सरकते, कुणी शिकारीसाठी झाडावर मचाण बांधतं, कुणी चार चाकी मोटार-गाडीची वाट पाडतं, कुणी चांगलं लाकूड तोडून नेतं, तर कुणी जुना फ्रिज आणून टाकतं. सरकारने जमीन विकत घेतली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज या पायवाटेवर टिकत नाही.

म्हणून स्वयंसेवक सीमा चालतात. हातात सर्वेक्षणाचा नकाशा आणि होकायंत्र, पाठीवर पिवळा रंग, ब्रश आणि झुडपं छाटायची कात्री. इथे मळलेली वाट नसते. काटेरी झाडोरा, दलदल, उभा उतार, जे येईल त्यातून सरळ रेषा धरून जायचं आणि सर्वेक्षकांनी पुरलेला पुढचा सीमाखांब शोधायचा. वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याखाली गेलेली त्याची धातूची टोपी सापडली, की ती मोकळी करायची, आजूबाजूच्या झाडांवरचे फिकट पट्टे पुन्हा रंगवायचे आणि पुढच्या खांबाकडे निघायचं. अतिक्रमण दिसलं तर भांडायचं नाही. जागा टिपायची, फोटो काढायचा, अहवाल द्यायचा. पुढचं बोलणं अधिकारी करतात. बहुतेक वेळा शेजाऱ्याला सीमा नेमकी कुठे आहे हेच माहीत नसतं. ताजा पिवळा रंग दिसला की पुढचं भांडण टळतं.

या वाटेची कल्पना बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाची. ऑक्टोबर १९२१मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्याने लेख लिहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची पत्नी, मताधिकार चळवळीतली कार्यकर्ती जेसी हार्डी स्टब्ज, वारली होती. त्या दुःखात त्याने एका मित्राच्या शेतावर राहून हा आराखडा मांडला. त्याच्या मनात नुसती पायवाट नव्हती. कारखान्यांतल्या माणसांना विसावा मिळावा, डोंगरमाथ्यावर लोकांची सामुदायिक शिबिरं आणि शेतं असावीत, पूर्वेकडच्या शहरांच्या पसाऱ्याला या रांगेने आवर घालावा, इतका मोठा तो विचार होता. १९२३मध्ये न्यू यॉर्कमधल्या बेअर माउंटन परिसरात पहिला टप्पा खुला झाला आणि १९२५मध्ये वॉशिंग्टनला अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था स्थापन झाली. २००५पासून तिचं नाव अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी.

प्रत्यक्ष वाट जोडली ती मुख्यतः मायरन एव्हरीने. तो सागरी कायद्याचा वकील होता. सायकलचं चाक ढकलत, मैल मोजत, टिपणं घेत तो डोंगर हिंडायचा. स्वयंसेवकांच्या नव्या क्लबांना पत्रांवर पत्रं लिहायचा, काम झालं नाही तर कडक शब्दांत जाब विचारायचा. व्हर्जिनियातल्या शेनंडोआमध्ये डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटार-रस्ता होऊ लागला, तेव्हा मकायने विरोध केला. एव्हरीला वाट अखंड राहणं जास्त महत्त्वाचं वाटलं. १९३५च्या सुमारास दोघांचे संबंध तुटले ते कायमचे. दोघांपैकी एकाची बाजू घेण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे, मला तो होत नाही. मकायशिवाय ही वाट कुणाच्या डोक्यात आली नसती आणि एव्हरीशिवाय ती जमिनीवर उतरली नसती. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला.

मात्र पायाखालची जमीन कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला. १९३८मध्ये संघीय वनांतून आणि उद्यानांतून जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक मैल नवा समांतर रस्ता होऊ द्यायचा नाही, असा करार झाला. बाकी शेकडो मैल वाट शेतकऱ्यांच्या तोंडी परवानगीवर चालली होती. महायुद्धानंतर डोंगरांत घरं आणि पर्यटनाचे प्रकल्प आले, जमिनी विकल्या गेल्या. नव्या मालकाने वाट बंद केली की स्वयंसेवकांनी रंगाचा डबा उचलायचा आणि वाट डांबरी रस्त्याच्या कडेला आणायची, असं पुन्हा पुन्हा घडलं.

२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला. अ‍ॅपलेशियन आणि पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट या पहिल्या दोन राष्ट्रीय निसर्गवाटा ठरल्या. पण राष्ट्रीय उद्यान सेवेचं जमीनखरेदीचं काम रेंगाळलं. सक्तीने संपादन करायचं तर मैलामागे २५ एकरांचीच मुभा होती. मार्च १९७८मध्ये कायदा बदलला, मर्यादा १२५ एकरांवर गेली आणि ९ कोटी डॉलरची तरतूद मंजूर झाली. मैलामागे १२५ एकर म्हणजे जवळजवळ १,००० फुटांची पट्टी. पट्टीची रुंदी आली ती इथून. आज ९९ टक्क्यांहून जास्त वाट सार्वजनिक जमिनीवर किंवा वहिवाटीच्या हक्कात आहे.

हे सगळं गोडीने झालं असं नाही. बरेच मालक राजी होते, काहींनी फक्त वाटेचा हक्क देऊन शेती चालू ठेवली. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवर सक्तीच्या संपादनाची टांगती तलवार पाहिलेल्या कुटुंबांच्या मनात कडवटपणा राहिला आणि तो खोटा नव्हता. सीमेवर जाणाऱ्या स्वयंसेवकाने शेजाऱ्याशी नम्रपणे का बोलावं, त्याचं कारण या इतिहासात आहे. जिथे जमीन पुरेशी मिळाली नाही तिथे वाटेवरच त्याची खूण राहिली. उत्तर व्हर्जिनियातल्या ज्या टप्प्याला चालणारे ‘रोलर कोस्टर’ म्हणतात, तिथे पट्टी इतकी अरुंद आहे की वाटेला वळायला जागाच नाही. एकामागून एक टेकाड चढायचं आणि उतरायचं.

जमीन घेतल्यावर ती सांभाळायची कुणी? जानेवारी १९८४मध्ये उद्यान सेवेने एक असाधारण करार केला. या पट्टीवर विकत घेतलेल्या जमिनीची रोजची देखभाल तिने खाजगी, स्वयंसेवी अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्फरन्सकडे सोपवली. सरकारने जमीन नागरिकांच्या ताब्यात विश्वासाने द्यावी, हे धाडस होतं आणि ते पेललं गेलं. कॉन्फरन्सने ते काम तीसेक क्लबांत वाटलं. क्लबाकडे ठरावीक मैल आणि क्लबातल्या एकेका माणसाकडे त्यातले थोडे. तो तुकडा त्याचा. पडलेलं झाड, तुंबलेला चर, शौचकुटीरातला भुसा, पुसट झालेला पट्टा, सगळ्याची जबाबदारी त्याच्यावर. कोविड महासाथीच्या आधी वर्षाकाठी सुमारे ६,००० स्वयंसेवक मिळून दोन लाखांहून जास्त तास काम करत होते.

तासांची नोंद ठेवणं हे स्वयंसेवकाला रटाळ वाटतं, पण त्या नोंदीवर बरंच अवलंबून असतं. अनुदान मागताना ते तास दाखवता येतात. नोंदणी केलेला स्वयंसेवक काम करताना जखमी झाला तर त्याला संघीय कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळू शकते, म्हणून आधी अर्ज भरून घ्यायचा. यांत्रिक करवत चालवायची तर प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. १९६४च्या कायद्याने राखीव ठेवलेल्या रानांत तर यंत्रच चालत नाही. तिथे दोघांनी ओढायची लांब करवत, कुऱ्हाड, आणि एका बाजूला कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूला कुदळीचं पातं असलेलं पुलास्की. चांगल्या मनाने आलेल्या माणसाला थांबवून आधी शिकवणं, हा स्वयंसेवकांच्या व्यवस्थापनातला सगळ्यात अवघड भाग आहे. शिकवायचं ते मुख्यतः पाण्याबद्दल. चालणाऱ्यांच्या बुटांपेक्षा वाटेवरून वाहणारं पाणी ती जास्त खाऊन टाकतं. दगडाचा आडवा बांध किती तिरपा बसवला की पाणी उताराकडे निघून जाईल, पायरीचा धोंडा किती खोल गाडला की डुगडुगणार नाही, हे पुस्तकात समजत नाही. १९८३पासून दक्षिण व्हर्जिनियातून निघणाऱ्या कोनारॉक पथकासारख्या तुकड्यांत नवखी माणसं अनुभवी मुकादमाच्या हाताखाली उन्हाळाभर पाळीपाळीने ते शिकतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या श्रमाचा एक देखणा नमुना घराजवळ आहे. व्हर्नन गावापाशी पोचक नदीची दलदल पूर्वी ओलांडता येत नसे, रस्त्याने वळसा घालावा लागे. न्यू यॉर्क–न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स या क्लबाच्या स्वयंसेवकांनी आधी झुलता पूल आणि मग २००२पर्यंत जवळजवळ मैलभर लाकडी पदपथ उभा केला. आता आजी-आजोबा आणि लहान मुलंही तिथे पाणथळीवरून चालतात.

वाटेचं कायद्यातलं स्थान मात्र अजूनही वादाचं आहे. अटलांटिक कोस्ट ही वायुवाहिनी व्हर्जिनियात वाटेखालून न्यायची होती, ६०० फुटांहून खोल. वाट उद्यान सेवेकडे असल्याने वन विभागाला अशी परवानगी देता येणार नाही, असं अपील न्यायालय म्हणालं. जून २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी उलट निकाल दिला: वन विभागाच्या हद्दीतली जमीन वन विभागाचीच, पायवाट म्हणजे तिच्यावरचा फक्त वहिवाटीचा हक्क. कंपन्यांनी पुढच्याच महिन्यात प्रकल्प सोडून दिला, पण निकाल कायम आहे. ज्यांनी वाटेसाठी आयुष्यं घातली त्यांना तो बोचला आणि का बोचला हे मला कळतं.

सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन चक्रीवादळ जॉर्जियापासून दक्षिण व्हर्जिनियापर्यंतच्या डोंगरांवर कोसळलं. झाडांचे ढीग पडले, उतार सरकले आणि टेनेसीत अर्विनजवळ नोलिचकी नदीवरच्या ज्या पुलावरून वाट जायची तोच वाहून गेला. तो भाग टेनेसी ईस्टमन कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी सुरू केलेल्या क्लबाकडे आहे. एकमेकांत अडकून ताणलेले ओंडके कापणं जिवाचं काम असल्याने नवख्यांना थांबवून वरच्या दर्जाची प्रमाणपत्रं असलेले करवतवाले पुढे गेले. पुढच्या वसंतात चालणाऱ्यांसाठी नदीवर होडीची सोय झाली. जिथे वाटच उतारासकट खाली गेली तिथे नवी आखायची होती. त्या टापूत दोन्ही बाजूंना बहुतांशी पिस्गा आणि चेरोकी ही राष्ट्रीय वनं आहेत, त्यामुळे वाट सरकवायला डोंगरावर सार्वजनिक जागा होती.