समुद्राच्या तळाशी युद्धनौका

कुरुळी-चाकणच्या कारखान्यांत जुनं लोखंड म्हणजे भंगार. ‘आयएनएस गुलदार’च्या नशिबी मात्र वेगळंच आलं. पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही युद्धनौका १९८५ साली नौदलात आली, १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिला बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची राज्य पर्यटन महामंडळाची योजना. बुडवण्याआधी तेल, रसायनं काढावी लागतात. नाहीतर माशांचं घर व्हायचं ते विषाचं डबकं होईल. मग लोखंडावर शेवाळ, कालवं धरतात, त्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे.

सुट्टीत मुलं तारकर्लीला स्कूबाचा हट्ट धरणारच. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. आणि परतीची घाई तर मुळीच नको. पाण्याच्या दाबाने अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. लगेच आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढला, की हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, क्वचित लकवाही मारतो. एका डुबकीनंतर किमान १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास थांबावं. दुपारी डुबकी आणि रात्रीच्या गाडीने कुरुळी, असा बेत असेल तर अम्मी-अब्बूंनी एक मुक्काम वाढवावा.