आधी सोनोग्राफी, मग किरण

प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाचे सीटी स्कॅन करतात. त्यावरून ग्रंथीची जागा आखली जाते आणि किरण कोणत्या दिशेने, किती द्यायचे हे ठरते. प्रत्यक्ष उपचार मात्र बहुधा काही आठवडे, रोज थोडे थोडे असे चालतात. अडचण इथेच येते. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. मूत्राशय किती भरले आहे, गुदाशयात मल किंवा वायू किती आहे, त्यानुसार ती काही मिलिमीटर, क्वचित सेंटिमीटरभरही सरकते. त्वचेवरच्या खुणा जुळल्या तरी आतली ग्रंथी जुळेलच असे नाही. नेम चुकला, तर गाठीला किरण कमी पडतात आणि शेजारचे गुदाशय भाजते. त्यातून पुढे रक्तस्राव होऊ शकतो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी २००५ मध्ये १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आखणीच्या स्कॅनच्या वेळी ज्यांचे गुदाशय फुगलेले होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. त्या दिवशी ग्रंथी पुढे ढकलली गेली असावी, नंतर ती मागे आली आणि किरण मात्र जुन्याच जागी पडत राहिले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

यावर एक उपाय नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला होता. रुग्णाला उपचाराच्या टेबलावर झोपवून रोज ओटीपोटाची सोनोग्राफी करायची. भरलेल्या मूत्राशयातून ध्वनिलहरी सहज जातात आणि मागची ग्रंथी दिसते. संगणक हे चित्र मूळ आखणीशी ताडून पाहतो, टेबल तेवढे सरकवतात आणि मगच किरण सोडतात. यात काही मिनिटे जातात, पण जादा किरण अंगावर येत नाहीत. क्लीव्हलँड क्लिनिकने रोज अशी सोनोग्राफी केलेल्या रुग्णांचे निष्कर्ष २००८ मध्ये मांडले. त्यांच्यात फुगलेल्या गुदाशयाचा रोग उलटण्याशी संबंध दिसला नाही. दोन्ही गट वेगळ्या रुग्णालयांतले असल्याने हा अंतिम पुरावा नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे.

या तंत्राच्या मर्यादाही आहेत. प्रोब जोरात दाबला तर ग्रंथीच हलते. चित्र वाचणाऱ्याचा हात आणि नजर सरावलेली लागते. स्थूल रुग्णात चित्र धूसर येते. म्हणून अनेक ठिकाणी आता ग्रंथीत सोन्याचे बारीक दाणे बसवतात किंवा उपचारयंत्रावरच रोज छोटे सीटी स्कॅन करतात. सोनोग्राफीतही पुढचे पाऊल पडले आहे. मांड्यांच्या मधोमध प्रोब टेकवून, किरण चालू असतानाही ग्रंथीवर लक्ष ठेवता येते.

साधन कोणतेही असो, रुग्णाचा वाटा मोठा आहे. ‘पोट साफ ठेवा, सांगितले तेवढे पाणी पिऊन या’ ही सूचना रोज पाळायला हवी, कारण त्यावर ग्रंथीची जागा ठरते. आणि उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : रोज किरण देण्याआधी ग्रंथीची जागा कशी तपासणार?